रोजचा काढा: कोणता मसाला किती, किती वेळ उकळायचा आणि कोणी टाळायचा?

ओवाफूल

रोज सकाळी घरातल्या सगळ्यांना एकच काढा द्यायचा विचार आहे. हेतू दोन: सर्दी-खोकल्यात आराम पडावा आणि पचन बरं राहावं. हाती असलेली कृती अशी:

४ कप पाणी, हळद १ चमचा, सुंठपूड १ चमचा, काळी मिरी १०, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा ४, ज्येष्ठमधाची एक कांडी. पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळायचं, मध घालून उपाशीपोटी प्यायचं.

पिणारे: दोन निरोगी प्रौढ, ६८ वर्षांचे आजोबा (रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन चालू), ५ वर्षांची मुलगी आणि १० महिन्यांचं बाळ.

विचारायचं हे: प्रमाण बरोबर आहे का? हळदीबरोबर मिरी हवीच का? दालचिनी रोज घेतली तर चालते का? आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवायची खरंच गरज असते का?

तराजू

हा काढा पाचही जणांना एकत्र देऊ नका. बाळाला यातलं काहीच नको. आजोबांना या स्वरूपात अजिबात नको. मुलीला वेगळं काहीतरी करावं लागेल. राहिले दोन प्रौढ. त्यांच्यासाठीसुद्धा दोन घटकांचं प्रमाण बदलायला हवं.

सगळ्यात आधी ज्येष्ठमध, कारण या यादीत सर्वांत जास्त गृहीत धरला जाणारा आणि सर्वांत जास्त त्रास देऊ शकणारा घटक तोच आहे. त्याची गोडी ग्लिसिरायझिन नावाच्या द्रव्याची. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक (हार्मोन) निष्प्रभ करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. ग्लिसिरायझिन ते बंद पाडतं. मग कॉर्टिसोल तिथे मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं. शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. परिणाम: रक्तदाब चढतो, घोट्यांवर सूज येते, स्नायूंना अशक्तपणा येतो आणि पोटॅशियम फारच घसरलं तर हृदयाची लय बिघडते. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने नियमित सेवनासाठी सुचवलेली वरची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन इतकी आहे. मुळीतलं प्रमाण प्रतीनुसार बरंच कमीजास्त असतं, पण ५ टक्के धरलं तरी २ ग्रॅम मुळीतच १०० मिलिग्रॅम होतात. बोटाएवढी कांडी सहज ३-४ ग्रॅम भरते. घसा बसल्यावर दोन-चार दिवस छोटा तुकडा चघळणं वेगळं आणि रोजच्या काढ्यात कांडी टाकणं वेगळं. रोजच्या काढ्यातून ज्येष्ठमध काढूनच टाका. ज्याला रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, जो लघवी वाढवणारी गोळी घेतो, आणि जी गरोदर आहे, त्यांनी तर चघळायलाही घेऊ नये.

आता दालचिनी. दालचिनी म्हणून दोन वेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. कॅसिया: जाड, कडक, लालसर तपकिरी, एकच जाड थर आत वळलेला, हाताने मोडायला जोर लागतो. सिलोन दालचिनी: फिकट, कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले, चिमटीत चुरा होतो. फरक महत्त्वाचा अशासाठी की कॅसियात कूमारिन भरपूर असतं आणि ते संवेदनशील माणसांच्या यकृताला त्रास देतं. सिलोनमध्ये ते नावापुरतंच असतं. कूमारिनची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम. कॅसियाच्या १ ग्रॅम पुडीत सरासरी ३ मिलिग्रॅम कूमारिन धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम, अर्थात जेमतेम २ ग्रॅम पूड. १५ किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम. सपाट भरलेला एक छोटा चमचा साधारण अडीच ग्रॅमचा असतो, तेव्हा रोज एक चमचा कॅसिया ही मर्यादा ओलांडून जाते. उकळताना सगळं कूमारिन पाण्यात उतरत नाही, पण बरंच उतरतं. एखाद्या दिवशी जास्त झालं म्हणून बिघडत नाही. ही मर्यादा रोजच्या आणि दीर्घकाळच्या सेवनासाठी आहे. रोज घ्यायची असेल तर सिलोन घ्या, आणि अख्खीच घ्या. पूड झाली की दोन्हींतला फरक डोळ्यांना कळत नाही.

हळदीबद्दलचं गणित लोक सहसा मांडत नाहीत, म्हणून इथे मांडतो. हळदपुडीत कर्क्युमिन, म्हणजे ज्यासाठी हळद घेतात ते पिवळं द्रव्य, सुमारे ३ टक्के असतं. एक छोटा चमचा म्हणजे ३ ग्रॅम हळद, म्हणजे ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन. मिरीने हळदीचं शोषण २० पट वाढतं असं जे सगळीकडे सांगितलं जातं, ते १९९८ सालच्या एका छोट्या प्रयोगातून आलं आहे. त्यात २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं होतं. २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास हळद. तेवढी हळद कोणी काढ्यात घालत नाही, तेव्हा तो आकडा कपातल्या काढ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. काढा पिऊन झाल्यावर कपाच्या तळाशी जो पिवळा गाळ उरतो, तो नीट पाहा. ज्यासाठी हळद घातली त्यातलं बरंचसं तिथेच असतं. हळद तेला-तुपात किंवा सायीच्या दुधात बरी. प्रमाण: प्रौढाला दिवसभरात सगळं मिळून अर्धा ते एक चमचा. खाद्यपदार्थांतल्या कर्क्युमिनची मान्य रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम हळद.

ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात, त्यांनी रोज चमचाभर हळद वेगळी घेऊ नये. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि त्यातलं बहुतेक विरघळणाऱ्या रूपात असतं. पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

सुंठीचं प्रमाण मात्र ठीक आहे. एक छोटा चमचा सुंठपूड साधारण २ ग्रॅम, ती ४ कपांत. मळमळीवर आल्याचा उपयोग बऱ्याच प्रयोगांत तपासला गेला आहे. तिथे दिवसाला १ ग्रॅम सुंठ, चार वेळा विभागून, असं प्रमाण सर्रास वापरलं जातं. ओलं आलं घेतलंत तर त्यात ८० टक्के पाणी असतं, म्हणून १ ग्रॅम सुंठीच्या जागी ५ ग्रॅम आलं. दिवसाला ४ ग्रॅम सुंठीच्या पुढे जाऊ नका, त्याआधीच छातीत जळजळ सुरू होते.

मंद_आच

तराजू यांनी प्रमाण सांगितलं, मी उकळण्याचं सांगते.

निम्मं होईपर्यंत आटवायची गरज नाही. उघड्या पातेल्यात आटवताना आधी उडून जातो तो सुवास, म्हणजे लवंग, दालचिनी, आलं यांतलं बाष्पशील तेल. जे उडत नाही ते मागे राहून घट्ट होतं: कूमारिन, ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन, मिरीचं पायपेरिन. म्हणजे जे हवं ते स्वयंपाकघराच्या हवेत जातं आणि जे मोजून घ्यायचं ते कपात दुप्पट होतं. काढा उकळताना घरभर वास सुटतो, तो कपातून गेलेला असतो.

दोन प्रौढांसाठी, प्रत्येकी एक कप:

पाणी ५०० मिली. आलं १० ग्रॅम, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, साल खरवडून ठेचलेला. सिलोन दालचिनी १ ग्रॅम, हाताने चुरडून. लवंगा २. मिरी ४, भरड कुटून. हळद पाव चमचा, तीही हवी असेल तरच.

पाणी आधी उकळू द्या. मग हळद सोडून सगळं टाका, आच अगदी मंद करा, घट्ट झाकण ठेवा आणि १० मिनिटं ठेवा. गॅस बंद करून आणखी ५ मिनिटं झाकण काढू नका. झाकण उचलताना आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच पाडा, त्यात तेल असतं. गाळा. हळद शेवटी, थोड्या गरम दुधात किंवा तुपाच्या थेंबात कालवून कपात.

ओवा, जिरं, बडीशेप, धणे या बियांना मात्र उकळू नका. त्यांचं तेल बीच्या सालीलगत असतं आणि पटकन उडतं. २ ग्रॅम बडीशेप खलबत्त्यात जेमतेम फुटेल इतकी ठेचायची, त्यावर २५० मिली उकळतं पाणी ओतायचं, १५ मिनिटं झाकून ठेवायचं. पीठ केलंत तर गाळल्यावरही चोथा कपात येतो आणि पाणी कडवट लागतं. आदल्या आठवड्याला ठेचून डब्यात ठेवलेल्या बियांत फार दम उरत नाही. लागेल तेव्हाच ठेचा. बडीशेपेत एस्ट्रॅगोल नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे ४ वर्षांखालच्या मुलांना तिचं पाणी औषध म्हणून देऊ नये.

दुधात आलं घालणाऱ्यांचं दूध फाटतं, त्याचं कारण दुधाची प्रत नसते. ओल्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि ते ६०-७० अंशांना सर्वांत जोरात काम करतं. गरम पण न उकळलेल्या दुधात कच्च्या आल्याचा रस पडला की दही लागल्यासारखं होतं. आलं आधी पाण्यात ५ मिनिटं खळखळ उकळा, विकर मरतं, मग दूध घाला. फाटत नाही.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात लिंबू पिळलेला काढा ठेवला तर तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात.

उपाशीपोटी घेण्याचा आग्रह सोडा. मिरी, आलं, लवंग रिकाम्या पोटी गेली की ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना हमखास जळजळ होते. थोडं खाऊन घ्या. मध घालायचा तर काढा ओठांना सोसेल इतका निवल्यावर. मधुमेह असेल तर १ चमचा मधात जवळपास ६ ग्रॅम साखर असते, ती दिवसाच्या हिशेबात धरा. उरलेला काढा बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमध्ये २४ तास.

गोळ्यांचा_डबा

आजोबांबद्दल जरा सविस्तर लिहिणं गरजेचं आहे.

वॉरफेरिनचा डोस आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीवर ठरतो. तो ठरतो तेव्हा माणूस रोज जे खातो ते हिशेबात आलेलं असतं. स्वयंपाकात नेहमी पडणारी हळद, आलं, लसूण त्यामुळे अडचण करत नाहीत. अडचण होते ती अचानक बदल झाला की. आज काही नाही आणि उद्यापासून रोज कपभर तिखट काढा, असं केलं की आयएनआर सरकू शकतो. हळद, आलं, लसूण आणि लवंगेतलं युजेनॉल हे सगळे रक्तातल्या बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) चिकटण्यावर थोडाफार परिणाम करतात. एकेकाचा परिणाम लहान असला तरी एका कपात यातले तीन एकत्र, वर वॉरफेरिन, हे धोक्याचं आहे. हिरड्यांतून रक्त, कारण नसताना निळे डाग, काळी, डांबरासारखी शौच, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मिरीचा मुद्दा याच्याही पुढचा आहे. पायपेरिन हळदीचं शोषण वाढवतं ते कसं? आतड्यात आणि यकृतात बाहेरची द्रव्यं मोडून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आहे, ती ते मंद करतं. ती यंत्रणा हळद आणि गोळी असा भेद करत नाही. फेनिटॉइन हे फिट्सचं औषध, प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचं, थिओफायलिन हे दम्याचं, या तिन्हींची रक्तातली पातळी पायपेरिनने वाढल्याचं मोजलं गेलं आहे. फेनिटॉइन आणि थिओफायलिन तर अशी आहेत की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं. स्वयंपाकातली चिमूटभर मिरी यात येत नाही. रोज १० मिरी कुटून घेणं येतं. एक मिरी साधारण ५० मिलिग्रॅमची, १० म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि त्यात २०-२५ मिलिग्रॅम पायपेरिन. प्रयोगांत वापरतात तेवढं.

आजोबांना रक्तदाब आहे म्हणून ज्येष्ठमध आधीच बाद झालं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ज्येष्ठमध आणि ती गोळी, दोन्ही पोटॅशियम कमी करतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला कमी पोटॅशियम जिवावर बेतू शकतं.

त्यांना द्यायचंच असेल तर बडीशेप किंवा जिऱ्याचं पाणी, वर सांगितलंय तसं, आणि तेही डॉक्टरांना सांगून. पुढच्या तपासणीला जाताना काय, किती, कधीपासून हे कागदावर लिहून न्या. नुसतं "काढा घेतात" म्हटलं तर डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही.

कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, दात काढण्याची सुद्धा, तर लसणीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल आणि असे दाट काढे निदान ७ दिवस आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञाला सांगा. वॉरफेरिन मात्र स्वतःहून थांबवायची नाही.

जुनं_जातं

एवढं घाबरवायची गरज आहे का? हळद, आलं, मिरी माणसं पिढ्यानपिढ्या खात आली. मसाल्याने कोणाचं यकृत गेलं असं कधी ऐकलं नाही.

तराजू

@जुनं_जातं, स्वयंपाकाच्या प्रमाणाला तुमचं म्हणणं अगदी लागू आहे आणि तेवढ्यापुरता मी तुमच्याच बाजूने आहे. चार-सहा माणसांच्या जेवणात अर्धा-पाऊण चमचा हळद पडते, तीही तेलात परतून आणि बाकी अन्नाबरोबर. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा तीच हळद ५०० मिलिग्रॅम शुद्ध कर्क्युमिनच्या कॅप्सूलमध्ये येते, सोबत पायपेरिन घालून, दिवसाला दोनदा. अशा कॅप्सूलनंतर यकृतदाह झालेले रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदले गेले आहेत. बहुतेकांत त्रास १ ते ४ महिन्यांत सुरू झाला. एका विशिष्ट जनुक-प्रकाराच्या लोकांत तो जास्त आढळतो, पण तो आपल्यात आहे की नाही हे कोणाला आधी माहीत नसतं. गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा, अंगाला खाज, जेवणावरची वासना जाणं. कॅप्सूल लगेच बंद, रक्ततपासणी लगेच.

गुळवेलीचंही तसंच. तो मसाला नाही, पण हल्ली काढ्यात सर्रास पडतो. त्याच्या नियमित सेवनानंतर यकृतदाहाचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत आले आहेत, विशेषतः २०२० नंतर. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारे आजार (थायरॉईडचे काही विकार त्यात येतात) आधीपासून असलेल्यांनी जास्त जपावं. "रोजच्या काढ्यात काय हरकत आहे" म्हणून तो घालू नका.

पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे ते प्रमाण. मसाल्याचं नाव तेच ठेवून प्रमाण वीसपट केलं की मागच्या पिढ्यांचा अनुभव आपल्याला साक्षीला घेता येत नाही.

ओवाफूल

खूप उपयोग झाला. ज्येष्ठमध काढलं, आजोबांचा काढा वेगळा. आता मुलीबद्दल विचारते: ५ वर्षांच्या मुलीला रात्री खोकला आला तर काय द्यावं? वाफ देऊ का? आणि ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवली तर चालते का? लवंगेच्या तेलाचंही सांगा, दाढदुखीसाठी घरात बाटली आहे.

पाळणाघर

कापूर बाळापासून लांब. उशाशी नको, छातीला चोळायला नको, खेळता येईल अशा जागी तर नकोच नको. २ वर्षांखालच्या मुलाला कापराचा वापर कुठल्याही रूपात टाळायचा. लहान मुलाच्या पोटात १ ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी झटके येऊन जीव धोक्यात येतो, आणि झटके काही मिनिटांतही सुरू होऊ शकतात. पुरचुंडी बाळ तोंडात घालतं, गाठ सुटते, वडी गिळली जाते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, पाणी पाजत बसू नका, थेट रुग्णालय.

मुलीच्या खोकल्याला मध हा खरोखर चांगला उपाय आहे. १ वर्षावरच्या मुलांना झोपण्याआधी अर्धा ते एक छोटा चमचा, म्हणजे २.५ ते ५ मिली, तसाच चाटवायचा किंवा कोमट पाण्यात. मग दात घासायचे, कारण रात्रभर मध दातांवर राहणं बरं नाही. बाळाला मात्र १ वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. पहिली चिन्हं बद्धकोष्ठता, दूध ओढण्याचा जोर कमी होणं, रडणं क्षीण होणं, मान लुळी पडणं. मध उकळून घेतला तरी बीजाणू मरत नाहीत.

वाफ मुलांना देऊ नका. साध्या सर्दीवर वाफेचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि गरम पाण्याचं भांडं कलंडून मुलं भाजल्याच्या घटना मात्र सतत होतात. चोंदलेल्या नाकाला खारं पाणी जास्त कामाचं: १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. पाणी आधी निदान १ मिनिट खळखळ उकळून निववलेलंच हवं. थेट नळाचं पाणी नाकात घालायचं नाही. त्यातून नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि तो आजार जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. गुळण्या ६ वर्षांखालच्या मुलांना नीट जमत नाहीत, ती पाणी गिळतात. मोठ्यांसाठी: २५० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ.

लवंगेच्या तेलाची बाटली आजच कुलपात ठेवा. त्यात ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं. लहान मुलाने ५ ते १० मिली प्यायलं तर यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. मोठ्यांनी दाढेवर लावतानाही तसंच लावू नये, हिरडी आणि गालाची आतली त्वचा भाजते, पांढरी पडते. ५ मिली खाद्यतेलात २ थेंब, कापसाच्या बोळ्याला लावून फक्त किडलेल्या जागी, मिनिटभर, मग थुंकायचं. दंतवैद्यसुद्धा तात्पुरत्या भरणासाठी झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल वापरतात, तेव्हा ठणका थांबतो यात नवल नाही. कीड आहे तिथेच राहते. गालाला सूज किंवा ताप असेल तर तेल लावण्यात वेळ घालवू नका.

जायफळ मुलांना झोपेसाठी देऊ नका. एक जायफळ साधारण ५ ते ७ ग्रॅमचं असतं आणि मोठ्या माणसालाही ५ ग्रॅमच्या पुढे विषबाधा होते: धडधड, तोंड कोरडं, भास. परिणाम ३ ते ६ तासांनी सुरू होतो, म्हणून "काहीच झालं नाही" असं वाटून आणखी दिलं जातं, तिथेच घोळ होतो.

मुलीला श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, शिट्टीसारखा आवाज येत असेल, ताप ३ दिवसांच्या पुढे गेला असेल, किंवा खोकला ३ आठवडे सरत नसेल तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मोड_आलेली_मेथी

मेथीचा विषय कोणी काढला नाही, पण रोजच्या उपायांत ती असतेच आणि साखरेवर तिचा परिणाम दालचिनीपेक्षा जास्त भरवशाचा आहे, म्हणून लिहितो. दालचिनीच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मेथीचं काम सरळ आहे: दाण्यात विरघळणारा तंतू असतो, पाण्यात तो बुळबुळीत जेल होतो आणि जेवणातली साखर रक्तात जायचा वेग कमी करतो.

१ छोटा चमचा दाणे (सुमारे ४ ग्रॅम) दोनदा धुऊन १५० मिली उकळून निववलेल्या पाण्यात ८ तास. उन्हाळ्यात फ्रीजमध्येच, नाहीतर आंबूस वास येतो आणि तसे दाणे टाकून द्यावे लागतात. दाणे चावून खायचे. नुसतं पाणी पिऊन दाणे फेकणाऱ्यांचा बराचसा तंतू दाण्यांबरोबर कचऱ्यात जातो. आठवडाभराने सोसलं तर २ चमचे, पुढे नाही. सुरुवातीला पोटात गुबारा धरतो. घामाला आणि लघवीला गोडसर वास येतो, त्याने घाबरू नका.

गोळ्या आणि मेथी यांत २ तासांचं अंतर, थायरॉईडच्या गोळीला ४ तास, कारण तेच जेल गोळीलाही अडवतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर पहिले काही दिवस साखर जास्त वेळा मोजा, ती अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही होऊ शकते. गरोदरपणात स्वयंपाकापुरतीच.

मोड आणून खाणाऱ्यांनी ते शिजवून खावेत. २०११ साली जर्मनीत ई. कोलायची जी मोठी साथ आली, ३,८०० हून जास्त लोक आजारी आणि ५० हून जास्त मृत्यू, तिचा माग मेथीच्या कच्च्या मोडांपर्यंत लागला होता. दाण्याच्या भेगेत जंतू असले तर मोड आणण्याची ऊब आणि ओल त्यांनाही वाढवते, आणि वरून धुऊन ते निघत नाहीत.

ओवाफूल

शेवटचा एक प्रश्न. हळद शुद्ध आहे की नाही ते घरी कसं ओळखायचं? पाण्यात टाकून पाहतात ती चाचणी पुरेशी आहे का?

तराजू

नाही. पाण्याच्या चाचणीत विरघळणारा कृत्रिम रंग कळतो: चमचाभर हळद पेलाभर पाण्यात न ढवळता सोडली आणि पाणी लगेच गडद पिवळं झालं तर संशय घ्यावा. पण खरी भीती लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची आहे. मंद रंगाची हळकुंडं चमकदार पिवळी दिसावीत म्हणून ते चोळलं जातं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसलं तरी शिसं असू शकतं. शिसं उकळून जात नाही, भाजून जात नाही, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम अगदी थोड्या प्रमाणातही होतो. खात्री प्रयोगशाळेतच होते.

घरी करता येतं ते इतकंच: फारच भडक, एकसारखी पिवळी हळकुंडं घेऊ नका, हळकुंड ओल्या पांढऱ्या फडक्यावर जोरात घासून पाहा, पृष्ठभागावरचा रंग भुकटीसारखा सुटून आत फिकट भाग दिसला तर परत करा. मोडलेल्या हळकुंडाचा आतला रंग गडद केशरी असायला हवा. पुडी घ्यायची असेल तर उत्पादन तुकडीचा क्रमांक असलेली, लहान पाकिटातली. आणि डबा शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवू नका, वाफेने ओल धरते, गुठळ्या होतात. गुठळी झालेली, कुबट वासाची पूड चाळून वापरू नका. बुरशीचं विष चाळणीतून खालीच येतं.